खंडेराव वाटेत आहे

प्रभाकरराव कोहीरकर देव मानत नसत, आणि न मानण्याचं काम ते रोज सकाळी सव्वासहाला सुरू करत. हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात देवघर आणि न्हाणी समोरासमोर होती. वासंतीबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळून चंदन उगाळायला बसल्या, की समोर प्रभाकरराव दाढीचा साबण फेसायला बसत. इकडे सहाण, तिकडे ब्रश, आणि मधल्या दोन हातांच्या जागेत ईश्वर.

"घडा आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, हेच ना तुझं म्हणणं?" गालावर वस्तरा टेकवून ते विचारत.

"माझं नाही, शास्त्राचं."

"मग कुंभाराला कुणी घडवलं?"

"त्याच्या आईनं. तोंड मिटा, ओठ कापेल."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि वादही तेवढ्याच वर्षांचा होता. प्रभाकररावांनी त्याच्यासाठी एक वही घातली होती. डाव्या पानावर 'आहे', उजव्या पानावर 'नाही'. माणूस नास्तिक, पण सरळ. वासंतीबाई फोडणी देता देता एखादा चांगला मुद्दा बोलून गेल्या, तर ते हात धुऊन येत आणि तो डाव्या पानावर उतरवून ठेवत. "तुम्ही नाही म्हणता, ते कुणाला नाही म्हणता?" हा बाईंचा प्रश्न तीन चातुर्मास त्या पानावर उत्तराशिवाय पडून होता. त्याच्यासमोरचं उजवं पान कोरं ठेवून प्रभाकररावांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं : विचार चालू.

नोकरीही त्यांच्या स्वभावाला शोभेशी होती. एका सरकारी दफ्तरात ते हजेरीचे कारकून होते. जुन्या अमलात हजेरीपट उर्दूत असे, पुढे इंग्रजी आली, पण रकान्यांचे शब्द काही गेले नाहीत. माणूस आला की 'मौजूद', नाही आला की 'गैरमौजूद'. पुढच्या दालनात बसणाऱ्यांची नावं प्रभाकरराव तोंडं पाहून लिहीत. मागच्या इमारतीतल्या रेकॉर्डखोलीची हजेरी मात्र तिथले दफ्तरी दौलतराव दारातून सांगत. गठ्ठे बांधणं-सोडणं हे दौलतरावांचं काम. नांदेडकडचा माणूस, आवाज खणखणीत.

"उत्तम मौजूद. दौलत मौजूद. खंडेराव मौजूद."

प्रभाकरराव लिहून घेत. अकरा वर्षं लिहून घेत होते. खंडेराव हा रेकॉर्डखोलीचा रात्रीचा पहारेकरी असावा, दिवसा झोपत असावा, अशी त्यांची समजूत. इतका नेमाचा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, म्हणजे खरोखरच पाहिला नव्हता. अकरा वर्षांत एक रजा नाही, एक उशीर नाही. घरी लेक कॉलेजला बुट्टी मारायचं म्हणाली, की ते खंडेरावाचं उदाहरण देत.

मग राज्य वाटायचं ठरलं. एक नोव्हेंबर छप्पन्नला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबईत, कानडी मुलूख म्हैसुरात. जमिनीबरोबर कपाटं, गठ्ठे आणि माणसंही वाटायची होती. कर्नूलहून श्रीनिवासमूर्ती नावाचे अधिकारी याच कामासाठी दफ्तरात येऊन बसले. गृहस्थ सज्जन, पण कागदापलीकडे त्यांना जग नव्हतं. दफ्तराच्या वाट्याला मुंबई राज्यासाठी तीन मराठी माणसं द्यायची आली. दौलतराव आणि उत्तमराव आपण होऊन औरंगाबादला जायला तयार झाले, कारण मुलूख त्यांचाच होता. तिसरा कोण, म्हणून मूर्तीसाहेबांनी पट उघडला. खंडेराव, चपरासी, दर्जा चहारुम, म्हणजे चौथा. नाव मराठी, बायकापोरांची नोंद नाही, तक्रार नाही. बिनबोभाट जाणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात यादी औरंगाबादला रवाना झाली.

आठ दिवसांनी तिघांना सुटकेचा कागद घ्यायला बोलावलं. दोघे आले.

"खंडेराव एक्कडा?" मूर्तीसाहेबांनी विचारलं. एक्कडा म्हणजे कुठे.

सगळ्या दफ्तरानं दौलतरावांकडे पाहिलं. दौलतरावांनी कान खाजवला आणि प्रभाकररावांना म्हणाले, "कोहीरकर साहेब, जरा मागं चला."

रेकॉर्डखोलीच्या भिंतीत, अबकारीच्या गठ्ठ्यांमागे, एक कोनाडा होता. कोनाड्यात वीतभर उंचीचा काळ्या दगडाचा खंडोबा, घोड्यावर बसलेला. समोर विझलेली पणती. आणि देवाच्या अंगावर, मानेपासून घोड्याच्या खुरापर्यंत, सरकारी खाकी लोकरी कोट.

"हा?" प्रभाकरराव म्हणाले.

"हाच. जुन्या पेशकारांनी चिकटवलेला पटावर. देवाच्या नावानं तेल मंजूर होईना, चपराशाच्या नावानं झालं. पगार कुणी उचलत न्हाई, पर हिवाळ्यात कोटबी येतो. मला वाटलं तुम्हाला ठावं असंल."

"दौलतराव, तुम्ही रोज मला मौजूद सांगत होता."

"होताच की मौजूद. जातोय कुठं?" दौलतराव जरा थांबून म्हणाले, "दसऱ्याला मी बुद्धाचा धम्म घेतला, साहेब. तवापासून तेल घालत न्हाई. पण हजेरी देवाची नव्हती, नावाची होती. आन् नाव पटावर होतं."

प्रभाकररावांनी कोनाड्यासमोर उभ्या उभ्या हिशेब केला. अकरा वर्षं. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वजा केल्या तरी तीन हजारांवर वेळा त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीखाली, देव मौजूद असल्याचं लिहून दिलं होतं.

मूर्तीसाहेबांसमोर गोष्ट गेली आणि तिथून तिला पाय फुटले. साहेबांनी चौकशी बसवली.

"उन्नाडा, लेडा? आहे, की नाही? मला एवढंच पाहिजे," ते म्हणाले.

पहिली साक्ष हेडक्लार्क एकनाथरावांची. कपाळावर ठसठशीत गंध, सोमवारी उपास, शनिवारी मारुती. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. देव मुंबई राज्यात जाणार या कल्पनेनंच त्यांचा जीव गोळा झाला होता, कारण स्थापन झालेली मूर्ती हलवायची नसते.

"साहेब, खंडेराव नाही," ते गंधाला हात लावून म्हणाले. "अजिबात नाही. लिहून देतो."

"देव नाही म्हणता?"

"देव आहे हो. पण नाही. म्हणजे तुमच्या कामापुरता नाही."

मूर्तीसाहेबांना हे पटेना. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "पट पूर्ण आहे, पान एक फाटलेलं नाही. पूर्ण पटात नसलेला माणूस कसा येईल? आला तर पट अपूर्ण झाला. पट अपूर्ण नाही. म्हणून माणूस आहे."

प्रभाकररावांनी चटकन खिशातली वही काढली आणि हे डाव्या पानावर लिहून घेतलं. मुद्दा जुनाच होता, पण इतका स्वच्छ मांडलेला त्यांनी ऐकला नव्हता.

"याच्या नेमणुकीचा हुकूम कुठे आहे?" साहेबांनी पुढे विचारलं.

"हुकूम नाही," एकनाथराव म्हणाले. "आम्हाला पेशकारांनी नेमलं, पेशकारांना नाजिमांनी, नाजिमांना वरून. याला कुणीच नेमलेलं नाही."

"म्हणजे दफ्तरात एकच माणूस असा, ज्याला कुणी नेमलं नाही," साहेब हळूच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर देवळात गेल्यासारखा झाला. मग त्यांनी चष्मा पुसला. "कोहीरकर, अक्षर तुमचं. शेवटचा शब्द तुमचा. मौजूद लिहिलंत तर यादी आहे तशी राहील, दगड पोत्यात घालून पाठवू. गैरमौजूद लिहिलंत तर तिसरा माणूस हवा. एकनाथराव निवृत्तीला आलेले. मराठी उरलात तुम्ही."

प्रभाकररावांची मालती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कोहीरकरांच्या घराण्यात इथवर पोचलेली पहिली मुलगी. परीक्षा मार्चमध्ये. बाप औरंगाबादला गेला तर महिनाभरात बिऱ्हाड उचलावं लागणार. दोन गावांत दोन चुली पेटवणं कारकुनाच्या आवाक्यातलं नव्हतं. गावातच जामबागला वासंतीबाईंच्या बहिणीचं, भामाचं घर होतं, पण तिथे आधीच दोन खोल्यांत नऊ माणसं झोपत. मुलीचं शिक्षण एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि तो शब्द लिहायचा म्हणजे देव आहे असं सही करून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला प्रभाकररावांनी साबण फेसला, पण तोंडाला लावला नाही.

"समज, मी मौजूद लिहिलं," ते म्हणाले.

सहाण थांबली. "म्हणजे मानायला लागलात?"

"मानायचा प्रश्न नाही. लिहायचा प्रश्न आहे."

"आणि तो जाणार औरंगाबादला. पोत्यातून. तुमच्याऐवजी."

"दगड जाणार."

"दगड असेल तर मौजूद का लिहिता?"

पलीकडे मालती पुस्तक उघडून बसली होती. बराच वेळ झाला तरी तिनं पान उलटलं नव्हतं. वासंतीबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या काय म्हणतील हे प्रभाकररावांना माहीत होतं असं त्यांना वाटलं. पण बाईंनी खोड पुन्हा सहाणेवर टेकवलं आणि उगाळता उगाळता बोलू लागल्या.

"बावीस वर्षं तुमच्याशी भांडते आहे. का? तुम्ही पोटातलं ओठावर आणता म्हणून. देव नाही म्हणणारा नवरा मी चालवून घेतला. बदली चुकवायला आहे म्हणणारा नाही चालवून घेणार. उद्या मी बोलायचं कुणाशी? आणि खंडोबा आपलं कुळदैवत. त्याच्यासाठी मी चार महिने वांगं तोंडात घालत नाही. तुम्ही त्याला स्वतःच्या बदल्यात कामावर धाडणार?"

"आणि मालती?"

"मालतीचं मी त्याला सांगेन. तुम्ही तुमचं लिहा."

"पण तो नाहीच असं मी लिहिल्यावर तू सांगणार कुणाला?"

"हे बघा, आता कसे नीट बोललात," वासंतीबाई म्हणाल्या. "दाढी करा."

प्रभाकररावांनी दफ्तरात जाऊन लिहिलं : 'अकरा वर्षं मौजूद लिहिलं ते न पाहता. आता पाहिलं. कोनाड्यात दगड आहे. खंडेराव गैरमौजूद.' खाली सही, तारीख.

मूर्तीसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "एमंडी, अहो, तुमचा फायदा कशात होता ते कळलं होतं ना?"

"कळलं होतं. म्हणून जास्त तपासलं."

"विचार करायचा होता. आहे म्हणून पाठवला आणि नसला, तर कुणाचं काय जातं? नाही म्हणून खोडला आणि असला, तर?" साहेबांनी छताकडे पाहिलं. "मी शुद्धिपत्रक पाठवतो. तुम्ही निघायची तयारी करा."

रेकॉर्डखोली दुसऱ्या खात्याला जायची होती, म्हणून कोनाडा रिकामा करायचा होता. पण मूर्ती न्यायची कुणी? एकनाथरावांनी आनंदानं नेली असती, पण फाटकातून सरकारी वस्तू बाहेर काढायला पास लागतो आणि पासावर वस्तूचं नाव लिहावं लागतं. 'खंडेराव' लिहिलं की तो पुन्हा मौजूद. दौलतरावांनीच तोड काढली.

"कोहीरकर साहेबांनी न्यावा. त्यांच्या लेखी हितं काहीच न्हाई. काहीच नसलेल्याला पास कशाला?"

अशा रीतीनं दफ्तरातला एकमेव नास्तिक देव काखेत मारून फाटकातून बाहेर पडला. पहारेकऱ्यानं विचारलं, "क्या है साब?" प्रभाकरराव म्हणाले, "कुछ नहीं." आणि ते खोटं बोलले नव्हते.

मार्गशीर्ष लागायच्या सुमाराला दौलतराव, उत्तमराव आणि प्रभाकरराव काचीगुड्याहून गाडीत बसले. बिऱ्हाड महिनाअखेरीला मागून यायचं होतं. वासंतीबाईंनी वळकटी बांधून दिली होती आणि ती विलक्षण जड होती.

"यात घातलंस काय?"

"काही नाही," वासंतीबाई म्हणाल्या.

औरंगाबादला दौलतरावांच्या चुलत भावाच्या घरी उतरले. त्यांनी गरम पाणी दिलं, ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवण झाल्यावर प्रभाकररावांनी अंथरूण पसरायला वळकटी सोडली, तेव्हा सतरंजीच्या गाभ्यात खाकी कोट निघाला आणि कोटात घोड्यावर बसलेला खंडोबा.

दौलतराव भिंतीला टेकून हसत सुटले. "मी सोडला, तुम्ही मानत न्हाई, आन् आला दोघांच्याबी संगं."

"मी आणला नाही," प्रभाकरराव कळवळून म्हणाले. "माझ्या बायकोनं आणला. म्हणजे तिनंही नाही, ती तिकडेच आहे."

"म्हंजे आपला आपण आला," दौलतराव डोळे पुसत म्हणाले.

सकाळी नव्या कचेरीत तिघे रुजू व्हायला गेले. तिथले अधीक्षक पुण्याकडून आलेले, स्वच्छ धोतर, त्याहून स्वच्छ मराठी. त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"उत्तमराव. ठीक. दौलतराव. ठीक. खंडेराव?"

प्रभाकरराव एक पाऊल पुढे झाले.

"आपणच का खंडेराव?"

हो म्हटलं असतं तर टेबल मिळालं असतं. प्रभाकरराव म्हणाले, "नाही. मी कोहीरकर."

"कोहीरकर यादीत नाहीत."

"शुद्धिपत्रक आलं असेल. खंडेराव गैरमौजूद आहे, त्याच्या जागी मी."

"गैरमौजूद म्हणजे?"

"म्हणजे नाही."

"आज आलेले नाहीत?"

"आज नाही, उद्या नाही. कधीच नव्हता. देव आहे तो. म्हणजे नाही."

अधीक्षकांनी टाक खाली ठेवला. "मी नीट समजून घेतो. जे यादीत आहेत ते नाहीत. आणि जे यादीत नाहीत ते आहेत, असं आपलं म्हणणं."

"मी समोर उभा आहे की."

"आपण दिसता, हे मला मान्य आहे. पण दिसणं हा कागद नव्हे. स्वप्नातही माणसं दिसतात."

हे वाक्य प्रभाकररावांनी गेली बावीस वर्षं वासंतीबाईंना ऐकवलं होतं. बाईंच्या आजीला म्हणे देव दिसला होता, त्यावर त्यांचं हेच उत्तर असे.

"दौलतराव मला ओळखतात," ते म्हणाले.

"साक्षीदार आपल्याच गाडीनं आलेला," अधीक्षक म्हणाले. "बरं, सांगा हो, हे गृहस्थ आहेत?"

"आहेत, साहेब," दौलतराव गंभीरपणे म्हणाले. "मी पाण्याचा तांब्या दिला, ह्यांनी पिला. माझ्या लेखी तेवढं बास."

अधीक्षकांच्या लेखी ते बास झालं नाही. शुद्धिपत्रकाची वाट पाहत प्रभाकरराव चार दिवस कचेरीच्या बाकावर बसले. ते आलं नाही. येणारी-जाणारी माणसं त्यांच्या अंगावरून हात घालून पलीकडे डाक ठेवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली आणि डाव्या-उजव्या पानांवर स्वतःचं नाव घालून सगळे मुद्दे पुन्हा तपासले. 'नाही'च्या बाजूला वजन जास्त निघालं.

चौथ्या दिवशी अधीक्षकांनी कागद हातात ठेवला. 'सदर इसम या कार्यालयाच्या यादीत नसल्याने मूळ ठिकाणी परत पाठवण्यात येत आहे. यादीतील कर्मचारी खंडेराव यांची प्रतीक्षा आहे. ते येईपर्यंत जागा राखून ठेवली आहे.'

प्रभाकररावांनी तो कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला. निरोप द्यायला दौलतराव स्टेशनवर आले. वळकटी डब्यात चढवताना त्यांनी ती तळहातावर तोलून पाहिली.

"परत नेता व्हय?"

"टाकू कुठे? माझ्यावर सोपवलेलं आहे."

चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी प्रभाकरराव चिक्कडपल्लीत पोचले. घरात वांगं भाजल्याचा खमंग वास सुटला होता. मालती दार उघडायला आली, बापाला पाहून तशीच आत पळाली आणि स्वयंपाकघरात काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. त्यांनी कागद वाचून दाखवला. वासंतीबाईंनी ऐकला, वळकटीतून कोट बाहेर काढला, देव देव्हाऱ्यात ठेवला आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला.

"यात त्याचा काही हात नाही," प्रभाकरराव पाटावर बसत म्हणाले. "टपालखात्याचा घोळ आहे. नुसता योगायोग."

"हो का. कुणाचा हात नाही म्हणालात?"

प्रभाकरराव भरीत खाऊ लागले.

मालती मार्चमध्ये पास झाली, पुढे विद्यानगरजवळच्या शाळेत मास्तरीण झाली. मूर्तीसाहेबांनी हजेरीचं टेबल प्रभाकररावांना परत दिलं, कारण बोलायला जागाच नव्हती. खंडेराव मात्र सरकारी कागदांवर अडकला तो अडकलाच. हैदराबादनं त्याला सोडलं होतं आणि औरंगाबादला तो पोचला नव्हता. खोडायला दोन्ही राज्यांची संमती लागे आणि दोन्ही राज्यं एकमेकांच्या पत्राची वाट पाहत. दरवर्षी मार्गशीर्षात औरंगाबादचं पत्र येई : खंडेराव रुजू झाले किंवा कसे, कळवावे. हजेरीचा कारकून म्हणून उत्तर प्रभाकररावांनीच द्यायचं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते पत्र घेऊन घरी आले. कचेरीत बसून त्यांना नीट उत्तर सुचलं नव्हतं. वासंतीबाई देव्हाऱ्यासमोर वाती वळत होत्या.

"काय लिहू?"

"रुजू झाला म्हणून लिहा."

"कुठे झाला?"

"इथे. माझी सेवा रुजू होते रोज, म्हणजे तोही रुजूच की."

"तो सेवेतला रुजू वेगळा, नोकरीतला वेगळा."

"असं तुम्ही म्हणता."

प्रभाकररावांनी वही काढून हे डाव्या पानावर लिहिलं. मग सरकारी कागद मांडीवर घेतला. मौजूद लिहिता येईना. गैरमौजूद एकदा लिहून झालं होतं आणि त्यामुळे कुणाचंच काही सुटलं नव्हतं. त्यांनी दरवर्षीचंच लिहिलं : 'सदर कर्मचारी अद्याप वाटेत आहे.'

टाक ठेवून ते उठले, फळीवरची तेलाची बुधली घेतली आणि देव्हाऱ्यातल्या पणतीत धार सोडू लागले. वासंतीबाई वात हातात धरून बघत राहिल्या.

"हे कधीपासून?"

"नियम आहे," प्रभाकरराव धारेवरची नजर न काढता म्हणाले. "माणूस वाटेत असेपर्यंत त्याचं तेल बंद करता येत नाही."

"मग वात तरी सरळ करा," वासंतीबाई म्हणाल्या आणि हातातली वात त्यांनी पुढे केली.